अण्णांची रायफल, माझा कुंदा

नेपरव्हिलहून अण्णा आणि मी नेमबाजीला निघालो तो दिवस खंडेनवमीचा होता. आमच्या तळकोकणात या दिवशी कोयता, करवत, रंधा, सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडतात आणि त्यांची पूजा करतात. ज्यांच्याकडे वानर आणि रानडुकरं हाकलायला परवान्याची ठासणीची बंदूक आहे, ते बंदूकही मांडतात. अमेरिकेत, शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलमध्ये, एका बंगल्याच्या तळघरात मी पाटावर रायफल मांडलेली पाहीन असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

रायफल अण्णांची होती. अण्णा म्हणजे मूळचे आमच्याच गावचे, नात्याने माझे लांबचे चुलतभाऊ, वयाने वीस वर्षांनी मोठे. पंधरा वर्षं तिथे हृदयाचे डॉक्टर. मी सातवी झाल्यावर शाळा सोडली आणि सुतारकी धरली. दारं-खिडक्या करतो आणि गावातल्या बंदुकांचे कुंदे (खांद्याला टेकवायचा लाकडी भाग) करतो. अण्णांनी मला मे महिन्यात तळघराचं लाकूडकाम करायला नेलं. तिकीट त्यांचं, कोट त्यांचा, बूट त्यांचे. एअरपोर्टवर पासपोर्टावर सहा महिन्यांचा शिक्का मिळाला. नोव्हेंबरच्या मध्यावर तो संपणार होता.

तळघरात मी देवघर केलं. अण्णांचा एक पेशंट होता, वॉल्टर. साठीचा, उंच, हाताची बोटं माझ्यासारखीच रंध्याने सोललेली. त्याचा कपाटं बनवायचा कारखाना होता. अण्णांकडे जेवायला आला तेव्हा त्याने देवघराच्या सांध्यांवरून बोट फिरवलं, मग नख घातलं. नख आत जाईना. त्याने मला विचारलं, “बॉब, खिळे कुठे आहेत?” माझं नाव बाबल. तिथे त्याचं बॉब झालं होतं. मी मान हलवून सांगितलं, खिळे नाहीत. वॉल्टर अण्णांना म्हणाला, “या माणसाला परत का पाठवतोस, डॉक?”

तिथून माझी झोप उडाली. वॉल्टरने कारखान्याचं पत्र दिलं तर अण्णांच्या ओळखीचा वकील माझ्या नोकरीसाठी अर्ज करणार होता. मग मला राहता आलं असतं. पुढे बायकोलाही आणता आलं असतं. पण वॉल्टर पारखून घेणारा. त्याने अक्रोडाचा एक ठोकळा आणून दिला आणि सांगितलं, याचा डॉकच्या रायफलीला कुंदा कर. ऑक्टोबरात विस्कॉन्सिनमध्ये आमच्या क्लबची नेमबाजी आहे. तिथे ही रायफल कशी चालते ते बघू. नीट चालली तर सोमवारी पत्र.

पहिल्यांदा मी कुंदा आमच्या पद्धतीने केला. लाकूड नळीला घट्ट मिठी मारून. वॉल्टरने तो बघितला आणि कागदाची एक पट्टी घेऊन नळी आणि लाकूड यांच्यामध्ये सरकवायला गेला. जाईना. त्याने खुणांनी आणि अण्णांच्या मदतीने समजावलं: बार उडाला की नळी थरथरते, तापली की फुगते. तिला कुठे लाकूड टेकलं तर गोळी भलतीकडे जाते. म्हणून तिच्याखाली फट हवी, एस्टीच्या तिकिटाएवढी का होईना. एवढी एकच गोष्ट त्याने मला शिकवली. मी तीन दिवस बसून फट काढली. मग कागद टोकापासून थेट मागपर्यंत लोण्यातून सुरी जावी तसा गेला. वॉल्टरने तो कागद घडी करून खिशात ठेवला.

तर खंडेनवमी. वहिनींनी न्हाऊन, सोवळं नेसून पूजा मांडली. झेंडू मिळाला नव्हता, दुकानातली पिवळी शेवंती होती. माझा रंधा, लाकूड कोरायची पटाशी, अण्णांचा स्टेथोस्कोप आणि मध्ये रायफल. हळद-कुंकू झालं. मग वहिनींनी नाडाछडी (पूजेचा लाल दोरा) घेतली. कलशाच्या गळ्याला बांधतात तशी ती नळीच्या गळ्याला बांधायला लागल्या. दोरा फटीतून आत घालायचा, वरून काढायचा, परत आत.

मी म्हटलं, “वहिनी, तिथे नको. मागे कुंद्याला बांधूया.”

“का रे?”

“नळीखाली काही असता नये. वॉल्टरने सांगितलंय.”

“वॉल्टरला काय कळतंय? देवाचं आहे, बाबल. देवाच्या दोऱ्याने कुणाचं वाईट झालंय?” आणि त्यांनी पाचवा वेढा घातला.

त्यांची बारा वर्षांची मेधा पायरीवर बसून दुधात सीरियल घालून खात होती. ती इंग्रजीत म्हणाली, “मॉम, इट्स अ गन.” वहिनी म्हणाल्या, “तू गप्प बस आणि नमस्कार कर.” मीही गप्प बसलो आणि नमस्कार केला. पाच महिने ज्यांच्या हातचं जेवलो त्यांच्याशी दोऱ्यावरून वाद कसा घालणार? वाटलं, वाटेत काढून टाकू.

पण रायफल काळ्या लांब पेटीत गेली, पेटीला कुलूप लागलं आणि किल्ली अण्णांच्या खिशात.

विस्कॉन्सिनचा रस्ता सरळ उत्तरेला. दोन्ही बाजूंना मका, पण कापणी व्हायची राहिलेला, वाळून पिंगट झालेला. मैलोगणती तोच. मध्येच धान्य साठवायचे लोखंडी बुरूज आणि एखादं लाल गोठ्याचं घर. घराच्या पायऱ्यांवर भोपळे मांडलेले. मला वाटलं विकायला आहेत. अण्णा म्हणाले, शोभेला. एवढे भोपळे नुसते शोभेला! मॅडिसन शहर मागे पडलं तशी झाडं वाढली आणि रंग बदलले. लाल, नारिंगी, हळदीसारखा पिवळा. आमच्याकडे पान पिकलं की गळतं, त्याचं कुणी कौतुक करत नाही. इथे लोक गाड्या थांबवून फोटो काढत होते.

दुपारी चीजच्या एका दुकानाशी थांबलो. तिथे ताज्या चीजचे तुकडे मिळतात, चावले की दाताखाली कुरकुर आवाज करतात. काउंटरवरच्या म्हाताऱ्या बाईने विचारलं, “तुम्ही कुठले?”

“नेपरव्हिल,” अण्णा म्हणाले.

“नाही, त्याआधी कुठले?”

“शिकागो.”

“आणि त्याच्याही आधी?”

“त्याच्याआधी मी लहान होतो,” अण्णा म्हणाले. बाई खळखळून हसली आणि तिने दोन तुकडे जास्त घातले. अण्णाही हसले. पण गाडीत बसल्यावर त्यांनी चीजची पिशवी न उघडता मागे टाकली. मग मालवणीत म्हणाले, “बाबल्या, पंधरा वर्षां झाली. अजून इचारतत.” अण्णा मालवणीत आले की समजावं, आतलं काहीतरी बोलतायत.

आतलं होतं ते असं. त्या क्लबात अण्णा तीन वर्षं पाहुणे म्हणून जात होते. सभासद करून घेतलं नव्हतं. स्पर्धेच्या दिवशी संध्याकाळी जुने सभासद हात वर करून ठरवतात. दोनदा अण्णांचं नाव पुढे आलं, दोनदा “पुढच्या वर्षी बघू” झालं. हे ऐकून मला भीती वाटली. आपलं आणि अण्णांचं, दोघांचंही नशीब एकाच रायफलीवर ठेवलेलं आहे.

मुक्काम मोटेलमध्ये (मोटारवाल्यांची धर्मशाळा, गाडी थेट खोलीच्या दाराशी लागते). संध्याकाळी सहालाच शेजारच्या खानावळीत जेवलो. तळ्यातला मासा तळून दिला होता, बरोबर कोबी. मासा ताजा होता, पण मिठाशिवाय कशाचाच पत्ता नाही. मी वहिनींनी दिलेल्या डब्यातल्या पुरीत गुंडाळून खाल्ला. वाढणारी बघत राहिली. अण्णांनी पायाने पाय दाबला, म्हणून दुसरी पुरी काढली नाही.

खोलीवर आल्यावर अण्णांनी गालिच्यावर गुडघा टेकून छत्रीने नेम धरायची तालीम केली. डॉक्टर माणूस, श्वास किती वेळ रोखायचा ते त्यांना बरोबर ठाऊक. छत्रीचा नेम टीव्हीवर. मी म्हटलं, “अण्णा, पेटी उघडता का? दोरा काढून टाकतो.”

“आत्ता नको. रायफलीवरची दुर्बीण हलली तर? सकाळी बघू.”

“नळीखाली गेलाय तो.”

“अरे, सकाळी म्हटलं ना.”

मी परत विचारलं नाही. परत विचारायला हवं होतं. माझा स्वभावच तसा, कुणी दुसऱ्यांदा “म्हटलं ना” म्हणालं की माझी जीभ टाळूला चिकटते.

रविवारी दसरा. सकाळी दव इतकं की गवतावरून चालताना बूट भिजले. मैदान गावाबाहेर, तिन्ही बाजूंना पाइनची झाडं, समोर मातीचा उंच बांध. बांधाच्या पायथ्याशी लाकडी चौकटींवर कागदी हरणं लावलेली, खरी वाटावीत अशी. हरणाच्या पुढच्या पायामागे, काळीज असतं तिथे, एक वर्तुळ. वर्तुळात गोळी गेली की दहा, कडेला पाच, पोटात गेली तर शून्य. पोटात लागलेलं हरीण मरत नाही, मैलभर रांगतं, म्हणून शून्य. हा नियम मला आवडला. रायफलीही खास नेमबाजीच्या चालत नाहीत. ज्या घेऊन नोव्हेंबरात जंगलात जायचं त्याच आणायच्या.

चाळीसेक माणसं होती. सगळ्यांच्या डोक्यावर भगव्या रंगाच्या टोप्या, म्हणजे आपल्याकडच्या भगव्याहून जास्त भडक. जंगलात एकमेकांना हरीण समजून गोळी घालू नये म्हणून. गावच्या अग्निशामक दलाची माणसं पत्र्याच्या शेडमध्ये नाश्ता करत होती. पॅनकेक म्हणजे जाड घावणेच, वर पाक. मी चार खाल्ले.

अण्णांनी गाडीच्या मागच्या बाजूला पेटी ठेवली आणि उघडली. लाल दोरा, त्याला कुंकू, शेवंतीची एक वाळकी पाकळी. शेजारच्या ट्रकमधून एक जाडा माणूस उतरत होता. त्याने वाकून बघितलं.

“डॉक, हे काय? रायफलीचा वाढदिवस आहे?”

त्याच्यामागचे दोघे हसले. वाईट हसले असं नाही, जसं आपण पारावर हसतो तसं. पण अण्णांच्या मानेपासून कानापर्यंत रंग चढला. ते म्हणाले, “मुलीने खेळता खेळता बांधलंय.” आणि खिशातला चाकू काढून दोरा नळीच्या वरून कापला.

मी हात पुढे केला. “अण्णा, मी काढतो. सावकाश काढायला हवा.”

“बाजूला हो. लोक बघतायत.”

त्यांनी टोकं धरून ओढलं. वरचा दोरा हातात आला. खालचा तुटला. तो फटीत, लाकूड आणि नळीच्या मध्ये, तेलकट कुंकवासकट बसला. मी तो पाहिला. म्हटलं, “आत राहिला.” अण्णा म्हणाले, “काही राहिला नाही.” आणि रायफल खांद्याला लावून चालू लागले.

सकाळची फेरी शंभर यार्डांवरून, दहा गोळ्या. वॉल्टर क्लबचा प्रमुख, गळ्यात शिट्टी. शिट्टी वाजली की ओळीने बार. कानात कापूस घालूनही छातीत धक्का बसत होता. अण्णांची पहिली गोळी वर्तुळाच्या वरच्या कडेला. दुसरी आणखी वर. आठवी हरणाच्या पाठीवरून निघून गेली. नळी तापत होती आणि गोळ्या वर वर चढत होत्या, जिना चढावा तशा. जाडा माणूस दुर्बिणीतून बघून ओरडला, “डॉक, हरीण उडत नसतं!”

मला कळत होतं काय होतंय. त्या चाळीस माणसांत ते कळणारा मी एकटाच.

फेरी संपली. शंभरपैकी पस्तीस. वॉल्टर आला. अण्णांनी रायफल त्याच्या हातात दिली आणि खांदे उडवले. “नवा कुंदा,” ते म्हणाले. एवढं इंग्रजी मला समजत होतं. पाच महिन्यांत मी ऐकायला शिकलो होतो. बोलायला मात्र तोंड उघडत नव्हतं. वॉल्टरने माझ्याकडे पाहिलं. खिशातून कागदाची पट्टी काढली आणि टोकाकडून सरकवली. चार बोटं गेली आणि अडली. त्याने पुन्हा सरकवली. पुन्हा अडली.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने कागद परत खिशात ठेवला, रायफल माझ्या हातात दिली आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. जेवणाची एक तासाची सुट्टी होती.

मी शेडच्या मागे लाकडाच्या ओंडक्यावर बसलो. माझ्याकडे पातळ पोलादी पट्टी होती, ती मी कायम बरोबर बाळगतो. तिने आतला दोरा हळूहळू ओढत टोकाशी आणला. एकेक तंतू. कुंकू आणि तेलाने तो मेणासारखा झाला होता. लाकडाला मी हात लावला नाही. एक चरासुद्धा पाडला नाही. सगळं निघाल्यावर कागद घातला. टोकापासून मागपर्यंत गेला. दोऱ्याचा बोळा मी मुठीत धरला. वाटलं, आता वॉल्टरला दाखवायचं आणि काम झालं. सांगायला शब्द किती लागतात? दोरा आणि लाकूड. थ्रेड आणि वुड. थ्रेड मला येत होता, वहिनींच्या शिवणाच्या डब्यावर लिहिलेला होता आणि मेधाने वाचायला शिकवलेला. वुड तर मी रोज ऐकत होतो. मी पुटपुटून पाहिलं. नॉट वुड. थ्रेड. बरोबर वाटलं.

दुपारची फेरी गुडघा टेकून, दोनशे यार्डांवरून. अण्णांची पहिली गोळी वर्तुळात. दुसरी वर्तुळात. तिसऱ्या गोळीनंतर माणसं दुर्बिणी काढून बघायला लागली. दहापैकी नऊ काळजात गेल्या, एक कडेला. पंचाण्णव. दुपारच्या फेरीत मैदानावर त्याहून जास्त कुणाचेच नव्हते. जाड्या माणसाने अण्णांच्या पाठीवर थाप मारली. “डॉक, सकाळी कोण मारत होतं, तुझा भाऊ?” सगळे हसले. या वेळी अण्णाही मोकळे हसले.

वॉल्टर माझ्याकडे आला. त्याने विचारलं, “बॉब, काय केलंस?”

मी मूठ उघडायला लागलो. तेवढ्यात अण्णा मध्ये आले. सवयीने आले, पाच महिने तेच माझं बोलणं सांगत होते. मी मराठीत म्हटलं, “अण्णा, सांगा त्याला. दोरा अडकला होता. पूजेचा. लाकूड बरोबर होतं.”

अण्णांनी माझ्या मुठीकडे पाहिलं. मग जाड्या माणसाकडे, मग त्या सगळ्या भगव्या टोप्यांकडे. संध्याकाळी तेच हात वर करणार होते. आवाज खाली आणून ते मला म्हणाले, “गप रव, बाबल्या.” आणि वॉल्टरकडे वळून इंग्रजीत म्हणाले, “तो म्हणतोय, त्याने लाकूड घट्ट ठेवलं होतं. त्याची चूक. सुट्टीत घासून नीट केलंय. त्याला वाईट वाटतंय.”

मला सगळं समजलं. शब्द न शब्द.

वॉल्टर माझ्याकडेच बघत होता. आता बोलायचं. मूठ उघडायची. दोन शब्द. डोक्यात काय काय येत होतं सांगू? तिकीट. कोट. वहिनींच्या हातची आमटी. गावात माझ्या बाबांच्या वर्षश्राद्धाला अण्णांनी पाठवलेलं पत्र. आणि समोर अण्णांचे डोळे. पन्नाशीला आलेला माणूस, हृदयं बरी करणारा, माझ्याकडे विनवणी करत होता. तसं मला त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं. मी मूठ घट्ट केली आणि मान खाली घातली.

वॉल्टर म्हणाला, “मी त्याला शिकवलं होतं.” अण्णांकडे वळला. “डॉक, जंगलात जेवणाची सुट्टी नसते. हरीण एकदाच येतं.” मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता आणि मायेचा होता. त्यामुळे जास्त लागलं. “हात चांगला आहे, बॉब. पुढच्या वर्षी बघू.”

पुढचं वर्ष. माझा शिक्का पाच आठवड्यांनी संपत होता हे त्याला कुणी सांगितलं नाही.

संध्याकाळी शेडमध्ये हात वर झाले. अण्णा सभासद झाले. त्यांना भगवी टोपी दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, मूठ उघडून. दोरा खाली भुशात पडला. उचलला नाही.

अंधार पडता पडता आम्ही परत निघालो. टोपी डॅशबोर्डवर होती. मग अण्णा म्हणाले, “काय सांगणार होतो मी त्यांना? बंदुकीला हळद-कुंकू वाहिलं म्हणून नेम चुकला? जन्मभर हसले असते रे आपल्याला.”

“हो, अण्णा.”

“रागावलास?”

“नाही, अण्णा.”

“तुझा मी बघतंय. वॉल्टर नाय तर दुसरो कोणतरी.”

दुसरा कोणी मिळाला नाही. मिळायला वेळही नव्हता. घरी वहिनींनी ओवाळलं, अण्णांना आणि मलाही. अण्णांनी पंचाण्णवच्या फेरीचं सांगितलं, सकाळचं सांगितलं नाही. वहिनी म्हणाल्या, “बघितलंस बाबल? देवाच्या दोऱ्याचा गुण!” मी म्हटलं, “हो, वहिनी.” त्यांना मी दोष देत नाही. त्यांना अजूनही काही ठाऊक नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अण्णा मला विमानतळावर सोडायला आले. बाहेर पहिला बर्फ भुरभुरत होता. त्यांनी नवा स्वेटर आणि पटाशांचा एक संच दिला, तिथला, इतका चांगला की आमच्याकडे बघायलाही मिळणार नाही. मी त्यांच्या पाया पडलो. देखाव्यासाठी नव्हे, मनापासून पडलो. आजही कुणी विचारलं, तुला अमेरिका कुणी दाखवली, तर अण्णांचंच नाव घेतो. ते खरंच आहे. पण त्या दिवशी विमानात बसल्यावर मी तेरा तास एकच गोष्ट करत होतो. नॉट वुड, थ्रेड. नॉट वुड, थ्रेड. शेजारच्या माणसाने दोनदा विचारलं, काही हवंय का? तोपर्यंत मला ते स्वच्छ म्हणता यायला लागलं होतं.

पुढच्या मे महिन्यात अण्णा गावी आले. ओटीवर दहा-बारा माणसं जमली. अण्णांनी खिशातून एक फोटो काढला. बर्फात आडवं पडलेलं हरीण, त्याच्याशेजारी रायफल टेकवलेली, अण्णांच्या डोक्यावर टोपी. फोटो हातोहात फिरला.

“ह्यो कुंदो बघा,” अण्णा म्हणाले. “आमच्या बाबलान केलो. तिकडचे गोरे बघीत रवतत. एक चूक नाय त्यात.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या ओटीवर, आमच्या माणसांसमोर, अण्णा खरं बोलत होते. इथे खरं बोलायला काही खर्च नव्हता.

“आणि वॉल्टर,” अण्णा पुढे म्हणाले, “वॉल्टर अजून तुझी आठवण काढतो, बाबल्या. परवाच म्हणाला, इतकी वर्षं माणसं कामाला ठेवली, पण स्वतःची चूक अशी सगळ्यांदेखत कबूल करणारा कारागीर मी तो एकच पाहिला. फार प्रामाणिक माणूस, म्हणतो.”

“मग?” शेजारचा तात्या म्हणाला. “आमच्या गावचो आसा तो.”

ओटीवरची माणसं कौतुकाने माना हलवत होती. अण्णांनीही हलवली, आणि मला वाटतं त्या क्षणी त्यांचाही माझ्या त्या चुकीवर विश्वास बसला होता. मी म्हटलं, “सगळी अण्णांची कृपा,” आणि फोटो पुढच्या माणसाकडे दिला.